गालिच्याखालचं पाणी



"आपल्या जामखेडात कसला आलाय गाडीला गंज? गंज मुंबईत, कोकणात. तिथं खारी हवा असते." हे मीच सुनेला ऐकवलं होतं. आणि मीच तोंडघशी पडले.

यंदा आषाढात गाडीतून कुबट वास यायला लागला. नगरला आनंदधामला दर्शनाला जाताना काचा खाली करून बसावं लागलं. मी सरळ सुनेला बोलले, "तू ओल्या छत्र्या मागे टाकतेस ना, त्याचा हा वास." ती गप्प बसली.

गॅरेजवाल्याने मागचा गालिचा उचलला. त्याखालचा जाड नमदा गादीसारखा भिजलेला होता. पत्र्यावर तपकिरी पापुद्रे सुटले होते. त्याने पेचकस हलकेच टेकवला, तर तो आरपार गेला. माझा नातू रोज बसतो, त्याच जागी! माझ्या पोटात गोळा आला.

"काकू, इथं पाणी कोण सांडतं?"

आता काय सांगणार? आमचं दोघांचं गरम पाण्याचं व्रत. उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन वर्षानुवर्षं पुढच्या सीटमागे, तिथंच ठेवलेला. झाकण ढिलं. प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं सांडायचं. पाणीच तर आहे, सुकेल, असं मी म्हणायची. वरचा गालिचा सुकायचा, खालचा नमदा मात्र कधीच नाही. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा एवढंच पुरतं. मीठ असलं तर तो भराभर चढतो, पण मिठावाचून अडत नाही. स्वयंपाकघरातला तवा आपण पुसून तेलाचा हात लावून ठेवतो. मग गाडीचा पत्रा काय वेगळा?

बी.कॉम.ला घसारा शिकले होते. धंद्याच्या गाडीवर आयकरात 15 टक्के, शिल्लक किमतीवर. गंजाचा हिशोब तसा नाही. रंगाखाली तो फुगतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला फोड दिसला की आत काम सुरू झालंय असं समजायचं. फोडावर नुसता रंग मारून काही होत नाही.

आमच्याकडे कुजका पत्रा कापून नवीन ठिगळ वेल्ड केलं. आजूबाजूचा गंज घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, जस्ताचा प्राइमर आणि रंग दिला. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. छपराच्या पत्र्यालाही म्हणूनच जस्त चढवलेलं असतं. खालून काळं अंडरबॉडी कोटिंग दिलं, पण गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावरच. चिखलावर किंवा ओलीवर ते मारलं तर पाणी आतच कोंडतं.

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर पडण्यासाठी. ती मातीने बुजतात. मी आता पावसाळ्याआधी काडीने मोकळी करते. काडी घालण्याआधी बॅटरी लावून बघते. कुंभारमाशीचं घर असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबते.

बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते: गाडीच्या पॉलिशमध्ये कधी कधी मधमाशीचं मेण असतं. डबीवर कार्नोबा लिहिलेलं बघून घ्या. ते ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण आहे. अर्थात पॉलिश फक्त वरच्या रंगाला जपतं, गालिच्याखाली त्याचा काही उपयोग नाही.

संवत्सरीला सुनेला खमतखामणा करताना छत्रीचं नाव घेऊनच केलं. ती हसली आणि म्हणाली, "आई, मला कॅन माहीत होता. पण तुमचं व्रत, कसं बोलणार?"

हे ऐकून मात्र मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

आता कॅन घट्ट झाकणाचा आहे, आणि तो प्लास्टिकच्या टबात बसतो. घरी आलं की टब बाहेर. गालिचा महिन्यातून एकदा सूनच उचलून बघते.