शेताचा खेळ, शहराचा खेळ

9 जानेवारी, नेरुळ
भाचा सुट्टीला आलाय. त्याच्या लॅपटॉपवर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळले. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने चारेक वर्षं एकहाती खपून 2016 मध्ये आणलेला खेळ. आजोबांचं पत्र मिळतं, त्यासोबत त्यांचं शेत. दगड वेचायचे, तण काढायचं, झारीने पाणी घालायचं. पाणी राहिलं तर त्या दिवशी रोप वाढत नाही. पाऊस आला की झारीला सुट्टी. रात्र कधी झाली कळलं नाही.

11 जानेवारी
आज ‘सिटीज: स्कायलाइन्स’. फिनलंडच्या कलोसल ऑर्डरचा, 2015 चा. महामार्गाच्या कडेला मोकळा चौकोन मिळतो. रस्ता ओढा, वीज-पाणी द्या, हिरव्या पट्ट्यात घरं उगवतात. याचा पूर्वज विल राइटचा ‘सिमसिटी’, 1989 चा. युद्धाचा खेळ करताना राइटला बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटं रचण्यातच जास्त गंमत वाटली, त्यातून तो जन्मला.

या खेळात शेतीही आहे, पण एक उद्योग म्हणून. सुपीक माती नकाशावर रंगाने दिसते, त्यावर ‘शेती विभाग’ आखायचा. शेतकऱ्याला नाव नाही. नवा चौकोन विकत घेतला की पैसे वजा होतात, पण ते कोणाच्या हातात पडत नाहीत. “आत्या, ही जमीन कोणाचीच नसते,” भाचा म्हणाला.

14 जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर पुन्हा बसलो. शेताच्या खेळात ऋतू 28 दिवसांचा. तो पालटला की उभं पीक वाळतं, पेरायला उशीर झाला तर झालाच. शहराच्या खेळात काळ पळवता येतो आणि चुकलेला चौक बुलडोझरने पुसता येतो. मला पहिला खेळ खरा वाटतो.

16 जानेवारी, जासई
माहेरी आले. हुतात्म्यांना अभिवादन करायला सकाळपासून माणसं येत होती. 1984 च्या 16 आणि 17 जानेवारीला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या योग्य भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना 1965 मध्ये मांडली, ते वसवायला 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. आराखडा मोठ्या बुद्धीचा होता, हे मी मानते. पण 344 चौरस किलोमीटरचा तो चौकोन मोकळा नव्हता. त्यात 95 गावं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती. खेळातला मोकळा चौकोन म्हणूनच मला खुपतो. शेत आणि शहर हे दोन वेगळे खेळ करून टाकले की एकातून दुसरं होताना काय घडतं, ते खेळणाऱ्याला दिसतच नाही.

18 जानेवारी, नेरुळ
भाच्याला वाशीचा धारण तलाव दाखवला. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला ते खाडीत सुटतं. याला डच पद्धत म्हणतात. आमच्या खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, ती हेच काम करते. भरतीचं खारं पाणी बाहेर अडवायचं, ओहोटीला आतलं सोडून द्यायचं. बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं भात नीट यायचा नाही, म्हणून उधाणाच्या रात्री वडील बांधावर जागे असायचे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारं सोसणारी ‘पनवेल 1’सारखी भातं काढली, तीही याच मातीसाठी.

दोन्ही खेळांत भरती-ओहोटी नाही. “मग आपण घालू की,” भाचा म्हणाला.

त्याने घालावी. स्वतःचा नकाशा बनवायची सोय शहराच्या खेळात आहेच. तिथे भरती बसत नसेल तर नवा खेळ लिहा. नवी मुंबईत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनो, 95 गावांचा नकाशा तुम्हीच करा. त्यात उघाडी घाला, गावठाणं जागच्या जागी ठेवा आणि प्रत्येक खाचराला मालकाचं नाव द्या.