लिहिण्याआधीचा कच्चा कागद

विषय हाती आल्यापासून पहिले सलग वाक्य कागदावर उतरेपर्यंत जे आठवणे, विचारणे, टिपणे, गाळणे आणि क्रम लावणे चालते, त्याला लेखनपूर्व तयारी म्हणतात. सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना यातले फार थोडे शिकवले जाते. कारण ज्या ‘मुद्द्यांवरून कथालेखना’त या तयारीचा सराव व्हायचा, तिथेही मुद्दे प्रश्नपत्रिकाच पुरवते आणि मुलांकडे ते जोडून वाक्ये करण्यापुरतेच काम उरते. निबंधाची गत याहून वेगळी नाही: मुद्दे फळ्यावरून घ्यायचे, मजकूर गाइडातून घ्यायचा आणि अक्षर मात्र स्वतःचे काढायचे.

अक्षराची काळजी आपल्याकडे जुनीच आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा असला, तरी त्यात विचार आहे तो अक्षराच्या वळणाचा आणि पोथी नेटकी उतरवण्याचा. मजकूर कसा जमवावा याचा धडा त्याहूनही जुना आहे आणि तो वऱ्हाडातला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते एकटाकी लिहून नव्हे, तर महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून, त्या चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेऊन. मराठीतील आद्य गद्यग्रंथ अशा चौकशीतून उभा राहिला, ही गोष्ट मराठीच्या तासाला सांगितली जात नाही, हे नवलच.

ही रीत आजच्या वर्गात कशी आणता येईल, ते वऱ्हाडातल्याच एका उदाहरणावरून पाहू. मोताळा तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या ‘घाटाखालच्या’ भागात येतो. येथील सातवीच्या वर्गाला ‘कापसाची वेचणी’ हा विषय दिला, तर सामग्रीची वाण पडण्याचे कारण नाही. मात्र ती सामग्री बोलण्यात असते, वहीत नसते. म्हणून पहिली पायरी मुक्त यादीची ठेवावी, म्हणजे ठरावीक वेळ न थांबता, न खोडता, आठवेल ते एकाखाली एक लिहायचे: वावर, पऱ्हाटी, बोंड, सरकी, दवाने ओला झालेला कापूस, वेचणीची मजुरी, बोंडअळी, व्यापाऱ्याचा काटा. या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई पूर्णपणे बाजूला राहिली पाहिजे आणि घरातली वऱ्हाडी बोली आहे तशी चालू दिली पाहिजे, कारण प्रमाण शब्द शोधण्यात अडकलेले मूल आठवण सोडून देते, आणि शब्द काय, पक्क्या खर्ड्यातही बदलता येतो. यादीत जिथे पोकळी दिसेल, तिथे प्रश्न तयार करून घरच्या आजीला किंवा वेचणाऱ्या बाईला विचारायचा आणि उत्तरापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहायचे. त्यानंतर शब्दजाळे येते. मध्ये विषय लिहून एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी रेघांनी जोडल्या, की मजुरी, ओलावा आणि भाव यांचे नाते डोळ्यांना दिसू लागते.

खरी अवघड पायरी गाळण्याची आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. काय ठेवायचे हे विषयावरून ठरत नाही, ते वाचणाऱ्यावरून ठरते. तालुका कृषी अधिकाऱ्यांना गुलाबी बोंडअळीबद्दल पत्र लिहायचे असेल, तर अळी कोणत्या आठवड्यात दिसली आणि वीस बोंडांपैकी किती किडली हे हवे, तेथे वेचणीच्या गप्पा नकोत. पुण्याच्या मामेबहिणीला लिहिताना नेमके उलटे होईल. एकाच यादीतून हे दोन्ही मजकूर करून घेतले, तर कारण देऊन मुद्दा खोडणे म्हणजे काय हे मुलांना वेगळ्या व्याख्यानावाचून कळते.

लेखनाआधीच्या शोधाला वेगळा टप्पा मानून अमेरिकेत गॉर्डन रोमन यांनी १९६५ साली मांडणी केली, आणि पुढे या पद्धतीचे तयार तक्तेही निघाले. अशा तक्त्यांवर विसंबू नये, असे सांगणारा आधारही तिकडचाच आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत लेखनपूर्व कृतींचे परिणाममान, म्हणजे शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांच्या सरासरीतील फरक प्रमाण विचलनाच्या पटीत, ०.३२ निघाले, तर आखणी, दुरुस्ती यांची रीत मुलांना स्वतंत्रपणे वापरता येईपर्यंत पायरीपायरीने शिकवण्याचे ०.८२ निघाले. कोरे शब्दजाळे वाटून भरून घेणे आणि शिक्षकांनी फळ्यावर स्वतःची यादी करत, मोठ्याने विचार करत, त्यातले अर्धे खोडून दाखवणे, यांत एवढे अंतर पडणे साहजिक आहे.

अशा तयारीला वर्गात जागा देण्यासाठी नव्या परिपत्रकाची गरज नाही. राज्यात २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक नोंदी, म्हणजे शिकणे चालू असतानाच घ्यायच्या नोंदी, शिक्षकांच्याच हाती आहेत. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांतच दुसरे सत्र सुरू होते; त्या सत्रातील निदान एका निबंधाची खाडाखोड केलेली यादी शिक्षकांनी वहीसोबत मागून घ्यावी आणि गुण त्या यादीलाही द्यावेत.