रोज एक भाग

माझी भाची पुण्यात शिकायला आली, तेव्हा चार महिने आमच्याकडे राहिली. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की ती लॅपटॉप उघडायची आणि एक भाग बघायची. गवती टोपी घातलेला एक पोरगा, त्याचं जहाज आणि पडदाभर समुद्र. एकदा भांडी लावता लावता मी विचारलं, "कितवा भाग गं हा?"

"सातशे बारावा," ती म्हणाली. माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "मावशी, तूही सुरू कर ना."

तिचं ते सहज म्हणणं डोक्यातून जाईना. ती बघत असलेली 'वन पीस' ही जपानी ॲनिमे मालिका २० ऑक्टोबर १९९९ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाली. अकराशेच्या वर भाग होऊन गेले, तरी गोष्ट संपलेली नाही. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाखाली मी पेन्सिलीने गुणाकार मांडला. उत्तर आलं ४४० तास. रोज एक भाग म्हटला तरी तीन वर्षं! तीन वर्षांत पाळण्यातलं मूल अंगणभर पळायला लागतं. पन्नाशी ओलांडली की वेळेचा भाव कळलेला असतो, आणि एवढा वेळ एकाच गोष्टीच्या ओटीत घालायचा तर मन दहादा विचार करतं.

पण जसजशी त्या मालिकेची माहिती मिळत गेली, तसतशी मला बघणाऱ्यांपेक्षा ती करणाऱ्यांचं नवल वाटू लागलं. एइचिरो ओदा यांनी मालिकेची मूळ चित्रकथा 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू केली ती जुलै १९९७ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी. पाच वर्षांत संपवायचा त्यांचा बेत होता. आता त्यांनी पन्नाशी गाठली आहे आणि त्यांचं रेखाटणं चालूच आहे. लुफी नावाच्या त्या पोराला मायूमी तानाका आवाज देतात. त्यांचा जन्म १९५५चा. पहिला भाग लागला तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारावा भाग लागला तेव्हा ६६ वर्षांच्या. एवढ्या काळात लुफी सतरावरून जेमतेम एकोणिसावर आला. कुणीतरी आपलं अख्खं आयुष्य गोष्टीला दिलं असेल, तर आपण रोजची २४ मिनिटं द्यायला का कचरावं?

मग मला आजीची पोथी आठवली. चातुर्मासात ती 'पांडवप्रताप' लावायची. त्याचे चौसष्ट अध्याय. संध्याकाळी दिवा लागला की ती एक अध्याय वाचायची, मोराचं पीस पानात ठेवायची आणि पोथी लाल फडक्यात बांधून टाकायची. पुढे काय झालं म्हणून आम्ही कितीही गळ घातली, तरी फडकं दुसऱ्या दिवशीच सुटायचं. पोथी संपायला किती दिवस लागतील, हे तिला कुणी विचारलं नाही. ती संपवण्यासाठी लावलेली नव्हतीच. ती लावलेली असे तेव्हा घराला एक लय असे. माझा निर्णय त्या आठवणीने केला. एका शुक्रवारी मी पहिला भाग लावला.

सुरुवातीचे काही भाग मी नुसती बघत होते. चित्रं भडक, हाणामाऱ्या पुष्कळ, पोरगं रबरासारखं ताणलं जातं. मग सदतिसावा भाग आला. नामी नावाच्या मुलीने आपलं गाव एका जुलमी टोळीच्या तावडीतून सोडवण्यासाठी आठ वर्षं पै पै साठवलेली असते आणि तिचा पैसा एका दिवसात लुटला जातो. ती जमिनीवर बसून, दंडावर गोंदलेल्या त्या जुलमी टोळीच्या खुणेवर सुरी खुपसत राहते. लुफी मागून येऊन तिचा हात धरतो. बोलत काही नाही. ती त्याला निघून जा म्हणते, अंगावर माती उधळते आणि शेवटी, रडत, कुणी मदत माग म्हटलं म्हणून नव्हे तर मदत मागितल्याशिवाय राहवत नाही म्हणून, मदत मागते. तो आपली टोपी, जिला तो कुणाला हात लावू देत नाही, तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. वाटेत त्याचे सोबती आधीच बसलेले असतात. तेही उठून त्याच्यामागे निघतात. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्यानंतर लवकरच लाबून भेटतो. समुद्राच्या एका वाटेवर उभा असलेला हा डोंगराएवढा देवमासा समोरच्या अजस्र कड्यावर डोकं आपटत असतो. कपाळ जखमांनी भरलेलं. त्याचे खलाशी सोबती पन्नास वर्षांपूर्वी "परत येऊ" असं सांगून गेले, ते आलेच नाहीत. ते येणार नाहीत, असं दीपगृहाचा म्हातारा त्याला सांगून थकलेला असतो, पण लाबून ऐकत नाही. लुफी त्याच्याशी भांडण उकरून काढतो, मग ते अर्धवट ठेवतो आणि त्याच्या कपाळावर आपलं निशाण रंगवतो. मी परत येईन, तोवर डोकं आपटून हे पुसू देऊ नकोस, असं बजावतो.

लाबूनचे हे भाग २००१ साली दाखवले गेले. त्या जुन्या खलाशांचं काय झालं, याचं उत्तर मिळालं २००८ साली, सुमारे तीनशे भागांनी. एका शिंपल्यात साठवलेलं गाणं वाजतं. अनेक गळे एकत्र गात असतात आणि गाता गाता एकेक आवाज गळत जातो. गाणं कुणाजवळ होतं, ते सांगत नाही. ते तिथवर पोचूनच ऐकावं. पण ते ऐकताना मला लांबीचा अर्थ लागला. ताटकळणं म्हणजे काय, हे दोन तासांचा सिनेमा सांगू शकेल. तीनशे भागांची वाट आपल्याकडून ते जगवून घेते.

मालिकेत उणं नाही असं नाही. दर आठवड्याला भाग द्यायचा होता आणि मूळ चित्रकथेच्या पुढे जायचं नव्हतं, म्हणून पुढेपुढे गोष्ट फार ताणलेली आहे. मागच्या भागाची उजळणी लांबते, एकेक चेहरा उगाच रेंगाळतो. ज्यांना हे सोसवत नाही, त्यांनी चित्रकथाच वाचावी. गोष्ट तीच आहे, वेग आपल्या हाती राहतो.

जे कुणी दारात उभे आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच. अकराशे हा आकडा बघू नका. रोज एक भाग बघा आणि थांबा. सदतिसाव्यापर्यंत चला. तिथे आत काही हललं नाही, तर मनात किंतु न ठेवता सोडून द्या. हललं, तर मोजणं आपोआप सुटेल.

माझे चारशे सहा भाग झाले. भाचीने आजवरचे सगळे भाग बघितले आहेत, म्हणून परवा फोनवर तिला विचारलं, "ते परत लाबूनकडे जातात का गं?"

"अजून नाही, मावशी," ती म्हणाली.