रिमोटच्या पोटातले सेल

धान निघाला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या आसपासच्या बांध्या मोकळ्या होतात. धसकटं वाळलेली, माती कडक, आभाळ कोरं. थर्माकोलच्या पंखात बांबूची कामटी घालून केलेलं विमान उडवायला शहरातल्या हौशी माणसाला असं मैदान कुठलं मिळायला! नियम एकच: विमान जंगलाच्या अंगाला वळवायचं नाही. तिकडे पडलं, तर आणायला जाणार कोण? वाघाला आपल्या छंदाशी काही देणंघेणं नाही.

धुऱ्यावर जमलेली पोरं विमानाबद्दल हजार प्रश्न विचारतात, हातातल्या रिमोटबद्दल एकही नाही. खरी मदार मात्र त्याच्यावर. विमानातली बॅटरी उतरत आली, की आधी मोटार बंद होते. पंख-शेपटी हलवण्यापुरता दम शिल्लक असतो, तरंगत उतरता येतं. रिमोट बंद पडला, की उडवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. नवे रिसीव्हर संपर्क तुटताच मोटार थांबवतात, एवढाच काय तो दिलासा.

जुन्या रिमोटमध्ये निकेलचे आठ सेल असत. प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ९.६. गुणी सेल, पण ठेवल्या जागी उतरणारे. कापणी-मळणीच्या धांदलीत रिमोट कपाटात पडून राहावा, आणि सवड मिळाली त्या सकाळी नेमकी लाईन गेलेली असावी! मग माणूस लिथियमकडे वळतो.

लिथियम आमच्याकडे नाव न सांगताच आलं. आधी मोबाईलमध्ये, मग रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या कपाळावरच्या टॉर्चमध्ये. सोनीने १९९१ मध्ये हे सेल बाजारात आणले, आणि ज्यांच्या कामावर ते उभे राहिले त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. रात्रीच्या बांधीत उजेडाची किंमत काय, हे मात्र आमच्या लोकांनी स्टॉकहोमच्या आधीच ओळखलं होतं.

पण एक खोड सगळीकडे दिसते. बिघडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले तीन सेल काढायचे, जोडायचे आणि जुन्या रिमोटमध्ये बसवायचे. पूर्ण भरले की ते १२.६ व्होल्ट देतात. ९.६ वर वाढलेल्या रिमोटला ते पचलं तर पचलं. वरचे व्होल्ट बहुधा आत उष्णता होऊन जातात. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे रिमोटची शिट्टी. ती निकेलच्या हिशेबाने लावलेली. व्होल्ट साडेआठवर आले की ती वाजणार असेल, तर तोवर लिथियमचा एकेक सेल तीनच्याही खाली गेलेला असतो, आणि त्याहून फार खाली गेला, तर तो धडपणे परत येत नाही.

माझं मत विचाराल तर जुन्या रिमोटला लिथियम आयर्न फॉस्फेटच बरं. तीन सेल, ९.९ व्होल्ट, निकेलच्या आठांशी बेताचं जुळतं. ऊनही ते जास्त सोसतं. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा हा गुण लहान नाही. दोष एवढाच, की त्याचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास तसेच राहतात आणि मग धाडकन कोसळतात. म्हणून शिट्टीवर विसंबू नये, घड्याळ बघावं. रिमोट दोनशे मिलिॲम्पिअर खात असेल, तर दोन हजार मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी हिशेबाने दहा तास. आपण सहा-सात धरावेत.

चार्जिंग रिमोटच्या भोकातून नको. बॅटरी बाहेर काढावी, प्रत्येक सेल वेगळा पाहणाऱ्या बॅलन्स चार्जरला लावावी, आणि उठून जाऊ नये. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर ती ठेवूच नये.

आणि फुगलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा जंगलाच्या कडेला फेकू नका. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पुढच्या खेपेला चंद्रपूरला जाल, तेव्हा ती दुकानदाराच्या हवाली करा. मोहफुलं वेचायला पेटवलेल्या पाल्याने आमचं जंगल दर उन्हाळ्यात तसंही जळतंच; त्यात पेटलेल्या बॅटरीची भर नको.