उशी टाचेखाली

व्यापाऱ्याच्या घरात गुडघेदुखीला सहसा कुणी आजार मानत नाही. गादीवर मांडी घालून आयुष्य काढलेल्यांना ते वयाचेच लक्षण वाटते. जरीपटक्यात आमचे कापडाचे दुकान खाली, बिऱ्हाड वर. सत्तरी ओलांडलेल्या आईला मधला जिना जड जाऊ लागला तेव्हा ‘वंगण संपले’ एवढ्यावर विषय मिटला. वास्तविक झिजते ती हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून, हालचालीच्या दाबाने तिचे पोषण होते. म्हणूनच एकदा गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. आईच्या डाव्या गुडघ्यात हाडाला हाड टेकले होते. व्यायाम, गोळ्या, इंजेक्शने यांत दोन वर्षे गेल्यावर सांधा बदलणे हाच उपाय उरला.

तिची हरकत निराळीच होती. “दोन घडींचे सामायिक मी खाली बसून करते. ते सुटले तर चालून काय करू?”

मी वाजपेयींचे उदाहरण दिले. पंतप्रधान असतानाच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. आई म्हणाली, “अरे, त्यांना खुर्चीवर बसायचे होते, मला आसनावर.” डॉक्टरांनीही खोटी आशा दाखवली नाही, नव्या सांध्याने मांडी घालणे टाळावे, असेच त्यांनी सांगितले. अखेर हिशेब तिनेच केला. सामायिक घरी होते, पण मंदिरात जायला जिना उतरावाच लागतो. आणि आठ महिने ती खाली उतरली नव्हती.

(खर्चाविषयी एवढेच, की ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा, अशी होती. बिल पाहताना सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी.)

शस्त्रक्रिया पार पडली, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आई उभीही राहिली. खरी परीक्षा घरी आल्यावर होती. सुनेने मायेने तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती काढून टाचेखाली सरकवली. गुडघ्याखाली उशी असली की बरे वाटते, परंतु पाय वाकलेल्या स्थितीतच आखडतो. टाचेखाली असली की दुखते आणि सरळ होतो. ते पाहणे आम्हाला कठीण गेले. पाणी हातात नेऊन देणेही बाईंनी बंद करविले. चालायला गुडघा साधारण ६०-७० अंश वाकावा लागतो, जिन्याला ९० च्या आसपास. तिसऱ्या आठवड्यात आई ७५ वर अडली. “आजी, अजून थोडे,” म्हणताच ती डोळे मिटून नवकार म्हणे आणि टाच मागे ओढी.

सातव्या आठवड्यात कठडा धरून ती जिना उतरली. आता जुने कटासन खुर्चीवर अंथरून सामायिक करते. खुर्ची तिला अजून रुचलेली नाही. उजव्या गुडघ्याचे विचारले, की “पर्युषणानंतर पाहू” म्हणते.