पाच अंड्यांचा हिशेब



आज पिकाचं नाही, कालवणाचं लिहितोय.

सुगीनंतर कडब्याची गंज रचताना आमच्या घरचीचा पाय घसरला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पोरगी शिकायला बाहेरगावी. घरात आबा, धाकटा पोरगा, मी आणि ती. भाकरी शेजारच्या वहिनी थापून द्यायच्या, कालवण माझ्याकडं. वय ४८, आणि लायटर कुठं ठेवतात तेही माहीत नव्हतं.

खुराड्यात आठ गावरान कोंबड्या, म्हणून अंड्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी कांदा, टोमॅटो, अंडी सगळं एकदमच कढईत टाकलं. कांदा कच्चा, खाली पाणी, अंडी रबरासारखी. आबांनी गप खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी स्टुलावर बसली. "अवं, आधी कांदा लाल होऊ द्या. मिरची, हळद टाका. टोमॅटोचं पाणी आटलं की मग अंडी फोडा. अन् जरा ओलसर असतानाच गॅस बंद करा, कढई तापलेली असती, बाकीचं ती करती." भुर्जी जमली.

मग उकडायला घेतली. सकाळचीच ताजी अंडी, सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलासंगं गेला. ताज्या अंड्याचं असंच होतं. टरफलाला बारीक छिद्रं असतात, त्यातून हळूहळू आतला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर जातो आणि आठवड्याभरात साल सुटी होते. म्हणून ताजं भुर्जीला, आठवड्याचं उकडायला. ओळखायचं असेल तर पाण्यात टाका. ताजं तळाला आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर फेकून द्या.

सगळ्यात सोपा रस्सा. फोडणीत कांदा, लसूण, काळा मसाला, वर पाणी आणि दाटपणाला येसर. उकळी आली की गॅस बारीक करून अंडी एकेक फोडून सोडायची. पाच-सात मिनिटं हलवायचं नाही.

पाचव्या दिवशी पाच अंड्यांची भुर्जी केली आणि चार ताटांत सारखी वाढली. ती म्हणाली, "मला एवढी कशाला? आबांना वाढा."

मी विचारलं, "मग एरवी तू किती घेतीस?"

"मी कढई पुसून घेते की भाकरीनं."

घास घशातच अडकला. हात मोडला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "ह्या काय खातात?" तिच्या आधी मीच बोललो होतो, "घरचं सगळं खाते." एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. कोंबड्यांना भरडा किती, गाईला पेंड किती, एकरी खत किती, सगळं माझ्या वहीत आहे. बावीस वर्षांत तिच्या ताटात किती पडतं ते कधी लिहिलं नाही, बघितलंही नाही.

मागच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, पण पंजात अजून जोर नाही. बुधवार-रविवारचं कालवण माझ्याकडंच ठेवलंय. पहिलं ताट तिचं वाढतो. ती अजून लाजते, पण खाते.

तुमच्या घरात कढई कोण पुसून खातं, आज जेवताना जरा बघा.