मागली रांग

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांचा नाद आम्हांस पस्तिशीच्या उंबरठ्यावर लागला. या वयात माणसास बहुधा पानाचा, बुद्धिबळाचा किंवा उपदेश करण्याचा नाद लागतो. शिक्षकाचा पेशा पत्करल्यामुळे तिसरा नाद आम्हांस आधीपासूनच होता. त्यात या चौथ्याची भर पडली. एका स्नेह्याकडून त्याचा वापरलेला डिजिटल कॅमेरा आम्ही विकत घेतला आणि घरादाराचे, गुराढोरांचे, नारळी-पोफळींचे रंग पुसण्याचा सपाटा लावला. "देवाने दिलेले रंग पुसून कसली कला होते?" असे आमच्या आईने विचारलेही. रंगीत चित्रातून रंग वजा केला की काळे-पांढरे चित्र उरते, अशी आमची तेव्हा भाबडी समजूत होती.

वस्तुतः डिजिटल कॅमेऱ्याचा जन्मच काळ्या-पांढऱ्यात झाला. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा पहिला कॅमेरा जुळवला. त्याच्या चित्रात शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघे १०,००० ठिपके असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. ते चित्र काळे-पांढरे असे, यालाही कारण आहे. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीस रंग मुळी कळतच नाही; प्रकाश किती पडला, एवढेच तिला मोजता येते. रंग कळावा म्हणून तिच्या ठिपक्यांवर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्या बसवतात. या गाळण्यांची आजची रूढ मांडणी त्याच कंपनीतील ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. दर चार गाळण्यांत दोन हिरव्या, एक लाल व एक निळी. म्हणजे सामान्यतः आपल्या हातचा कॅमेरा आधी रंग गोळा करतो आणि त्या रंगांतून काळे-पांढरे मागाहून घडवावे लागते.

हे घडवणे म्हणजे काय, याचा पहिला धडा आम्हांस शाळेमागच्या गडग्याने दिला. पावसाळ्यात त्याच्या तांबड्या चिऱ्यांवर हिरवेगार शेवाळ चढते. ती शोभा आम्ही टिपली, संगणकावर तिचा रंग उतरवला आणि पाहतो तो चिरा व शेवाळ दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळलेली! डोळ्यांना दिसला तो भेद रंगाचा होता, उजेडाचा नव्हता. संगणक बहुधा लालाचा ३०, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ टक्के असा वाटा घेऊन करडी छटा बनवतो. हे वाटे आपण बदलू शकतो. आम्ही लालाचा वाटा वाढवताच चिरे उजळले, शेवाळ काळवंडले आणि गडगा पुन्हा गडग्यासारखा दिसू लागला. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढे रंगीत काच धरून करीत. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९२७ साली योसेमिटीतील हाफ डोमचा कडा टिपताना लाल काच लावली आणि दिवसाढवळ्या आकाश जवळजवळ काळे करून दाखवले.

एवढी विद्या प्राप्त होताच आम्ही स्वतःस तज्ज्ञ समजू लागलो. दहावीच्या वर्गाचा निरोपाचा फोटो आम्हीच काढणार, असे आम्ही मुख्याध्यापकांस परस्पर सांगून टाकले. शाळेच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसमोर बाके मांडली. पुढली रांग उन्हात बसली. मागली रांग पागोळीच्या सावलीत उभी राहिली. चित्र थेट काळे-पांढरेच उतरावे आणि उठावदार दिसावे, म्हणून आम्ही कॅमेऱ्यातच तशी योजना केली. कळ दाबली, मुले पांगली. निरोप समारंभात मोठ्या हौसेने प्रती वाटल्या.

समारंभ आटोपल्यावर एक मुलगा आमच्याजवळ येऊन घुटमळला. एरवी तो आमच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत असे. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून घरची कोंकणी निघाली, "सर, हातूंत हांव खंय आसां?" यात मी कुठे आहे?

आम्ही बोट ठेवून म्हणालो, "हा बघ, मागल्या रांगेत, डावीकडून तिसरा." बोटाखाली पाहिले तो तेथे पांढरा सदरा होता आणि सदऱ्यावर नुसता काळा ठिपका. मुलगा वर्णाने सावळा. आमच्याकडे पाहून तो "होय, होय" म्हणाला आणि प्रत घडी करून निघून गेला. चुकलो आम्ही आणि सांभाळून घेतले त्याने!

त्या रात्री आम्ही ते चित्र संगणकावर उघडून बसलो. अशा चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ छटा असतात. त्या मुलाचा चेहरा शून्याच्या आसपास गोळा झाला होता. उजेड कितीही वाढवला तरी डोळे, नाक, ओठ काही उमटेना; शून्यास कशानेही गुणले तरी शून्यच. कॅमेऱ्याची कच्ची प्रत, जिला 'रॉ' म्हणतात, ती राखली असती तर तीत १२ बिटांच्या हिशेबाने ४,०९६ किंवा १४ बिटांच्या हिशेबाने १६,३८४ पायऱ्या असत्या आणि त्या सावलीतून कदाचित चेहरा वर आणता आला असता. आम्ही ती राखलीच नव्हती.

दोष यंत्राचा म्हणावा, तर यंत्र आपल्या रीतीने प्रामाणिक होते. समोरचे सारे मिळून सरासरी करडे, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे असते, असे प्रकाशमापक धरून चालतो. चुन्याची भिंत पाहून त्याने उजेड फार आहे असे ठरवले आणि प्रकाश कमी घेतला. भिंत करडी झाली, पुढली रांग बरी आली, मागली अंधारात गेली. हे वाचताना आम्ही मनात ओशाळलो. कारण सरासरी धरून शिकवणे आणि पुढल्या बाकांवरच्या मानांवरून वर्गास समजले असे ठरवणे, हे आम्ही कित्येक वर्षे करीत आलो होतो.

मग आम्ही पुन्हा मुळापासून शिकू लागलो. अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी सुमारे १९४० साली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या कल्पिल्या. कोणती छाया कोणत्या पायरीवर ठेवायची, हे यंत्राने नव्हे तर छायाचित्रकाराने आधी ठरवावे, असे त्यांचे सांगणे. डिजिटलमध्ये दुसरेही टोक सांभाळावे लागते. पांढरे एकदा जळाले की त्यातही काही सापडत नाही.

परीक्षेचे प्रवेशपत्र नेण्यास तो मुलगा आला, तेव्हा आम्ही त्यास रिकाम्या वर्गात खिडकीशेजारी बसवले. या वेळी उजेड त्याच्या गालावरून मोजला आणि कच्ची प्रत राखली. त्याचा वर्ण उजळ करण्याचा मोह आम्ही टाळला. सावळा चेहरा सावळाच आला. पण त्यात डोळे होते, भुवईवरचा जुना व्रण होता, ओठांवर न मावणारे हसू होते. काळेपणा आणि अंधार या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांस त्या चित्राने शिकवले. मुलाने ते बराच वेळ पाहिले आणि वहीत जपून ठेवले.

वर्गाचा फोटो मात्र पुन्हा निघणे नव्हते. परीक्षा संपली आणि मुले चहूकडे पांगली. तो फोटो शाळेच्या कचेरीत अजून आहे. डावीकडून तिसरा अजून काळाच आहे. तो उतरवावा असे आम्ही कुणास सुचवले नाही. तासाला जाताना त्याच्यावरून आमची नजर जाते आणि हजेरी घेताना पहिल्यांदा मागल्या बाकांकडे वळते.